चारही रूळ बंद

सकाळी मोडेमची लाइन तीनदा तुटली. चौथ्यांदा लागली तेव्हा स्क्रीनवर शांताबाई राठोड या नावाखाली नऊ उत्तरं आली होती. पहिल्याच उत्तरात त्यांना चोर म्हटलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. माझं इंग्रजी बेताचं. वाटलं, अर्थ लावण्यात आपलीच चूक होतेय. डिक्शनरी काढली. अर्थ तोच निघाला. ‘हे डिझाइन सुरतच्या रीना यांचं आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ते इथे दाखवलं होतं. तुम्ही ते उचललं आहे.’

आता रीना यांचं डिझाइन कुठून आलं, हे जगात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मीच स्कॅन केलं होतं. शांताबाईंच्या डब्याच्या पिशवीवरून.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. सुरतेत पांडेसऱ्यातल्या एका साडी प्रिंटिंग मिलमध्ये मी कॉम्प्युटर डिझायनर होते. वडील लिंबायतला लूमवर, आम्ही मूळचे धुळ्याकडचे. बी.कॉम. झाल्यावर सहा महिन्यांचा कोर्स केला आणि चिकटले. काम असं की कागदावरचं किंवा कापडावरचं चित्र स्कॅन करायचं, साफ करायचं आणि त्याचं ‘रिपीट’ बनवायचं. रिपीट म्हणजे नक्षीचा असा तुकडा, की तो एकापुढे एक ठेवत गेलं तर साडीभर नक्षी सलग दिसते, सांधा दिसत नाही.

कॉम्प्युटरची खोली वरच्या मजल्यावर. मिलमधली एसी असलेली दुसरी खोली. पहिली शेठची. आत यायचं तर चपला बाहेर. शेठच्या सूनबाई, रीनाभाभी, माझ्याच खोलीत बसायच्या. मुंबईत शिकलेल्या, स्वभावाने चांगल्या. माझ्या वाढदिवसाला त्यांनीच केक मागवला होता. एक्स्पोर्टचं काम मिळवायचं म्हणून त्यांनी इंटरनेट घेतलं होतं. त्यावर भरतकाम करणाऱ्या बायकांचा एक मेसेज बोर्ड होता. म्हणजे समजा गावातली भिंत, जिच्यावर कुणीही कागद चिकटवावा आणि खाली बाकीच्यांनी उत्तर लिहावं. फक्त ही भिंत परदेशात आणि बायका जगभरच्या. कुणी टाक्याबद्दल विचारायचं, कुणी फोटो लावायचं.

शांताबाई खाली फोल्डिंग खात्यात होत्या. छापून आलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, पिशवीत भरायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. चाळीसगावकडच्या तांड्यावरच्या बंजारा. सुटताना गेटवर खालच्या खात्यांतल्या सगळ्याच बायकांची झडती व्हायची, पण तांड्यावरच्या तीन बायकांची जरा जास्तच. बाकीच्यांच्या पिशवीत वॉचमन नुसता डोकवायचा. यांची उलटी करायचा. मी रोज शेजारून जायची. मला कुणी थांबवत नसे, म्हणून मीही थांबत नसे.

अशाच एका संध्याकाळी शांताबाईंचा डबा जमिनीवर पडला आणि रिकामी पिशवी वॉचमनच्या हातात राहिली. रीनाभाभी गाडीत बसत होत्या. त्या उतरून परत आल्या.

“ये कहाँ से लिया?”

“घर का है,” शांताबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, आता पिशवीचाही आळ येणार.

भाभींनी पिशवी एका दिवसासाठी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर होती. निळ्या जाड कापडावर लाल, पिवळ्या, पांढऱ्या दोऱ्यांचं काम. मधे एक चौकोन. त्यातून चार कोपऱ्यांकडे दुहेरी रेघा गेलेल्या, प्रत्येक रेघेला आडवे बारीक टाके. इतकं रेखीव, की मी आधी पट्टी लावून मोजलं. चौकोनाच्या चारही बाजू मिलीमीटरपर्यंत सारख्या.

पिशवीवर डब्यातल्या रश्श्याचे हळदीचे डाग होते. एक कोपरा तेवढा स्वच्छ होता. मी तो घेतला, उलटवून चारदा जोडला आणि रिपीट बनवलं. याला आम्ही मिरर करणं म्हणतो. दीड तासाचं काम. पिशवी संध्याकाळी परत दिली. शांताबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, काही फाटलं नाही ना ते बघितलं आणि गेल्या.

डिझाइन पसंत पडलं, छपाईला गेलं. भाभींनी त्याचा भरतकामाचा नकाशा करून बोर्डवरही लावला. खाली लिहिलं, ‘माझं नवं डिझाइन, सुरतहून.’ तिकडच्या बायका वेड्या झाल्या. कुणी लिहिलं, ही जीवनाची नदी आहे. कुणी लिहिलं, सूर्याची चार दारं. भाभींनी सगळ्यांचे आभार मानले. मला त्यात काही गैर वाटलं नाही, हे मी खरं सांगते. दिवसाला चार डिझाइनं स्कॅन व्हायची. कुठलं कुणाचं, हे विचारायची रीतच नव्हती.

मग तो माल फोल्डिंगला उतरला.

जेवणाच्या सुट्टीत शांताबाई वर आल्या. चपला जिन्याखालीच काढून आल्या होत्या. हातात घडी न घातलेली साडी होती.

“ताई, हे माझं हितं कसं आलं?”

मी म्हटलं, “मशिनवर काढलं.”

“ते दिसतंय. पण तुम्ही चारही रूळ बंद केलेत. गाडी जाणार कुठून?”

मला काहीच समजलं नाही. त्यांनी पिशवी आणून साडीशेजारी ठेवली आणि बोट फिरवलं. पिशवीवरच्या तीन रेघा काठ ओलांडून पार बाहेर जात होत्या. चौथी काठाच्या आत थांबत होती, टोकाला लाल दोऱ्याची आडवी पट्टी. मी नेमका तोच स्वच्छ कोपरा घेतला होता. साडीवर चारही रेघा लाल पट्टीशी थांबल्या होत्या.

“माझ्या आईनं बसवलंय हे,” त्या म्हणाल्या. “जमलीबाई तिचं नाव. रेल्वेच्या ठेकेदाराकडं खडी टाकायला होती. चाळीसगावला रूळ फुटतात ना, एक हिकडं, एक तिकडं? ते बघून बसवलं. आणि ही सायडिंग. हितं रूळ संपतो. तांड्यात कुणाकडं नाही हे. आईकडं होतं, आता माझ्याकडं आहे.”

त्या रागावल्या नव्हत्या. तेच मला जड गेलं. त्या नुसत्या विचारत होत्या. मी त्यांना बोर्ड दाखवला. नदी, सूर्य, दारं, सगळं मराठीत सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, “त्यांना सांगा की, रूळ आहेत म्हणून. आणि आईचं नाव सांगा.”

मी तिथेच लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं. ‘मी लमाण जमातीची एक गरीब, अशिक्षित बाई आहे...’

“थांबा. गरीब कशाला?”

“म्हणजे लोकांना वाटेल...”

“काय वाटेल? तुम्ही तुमच्याबद्दल लिवताना गरीब लिवता का? आणि लमाण बाकीचे म्हणतात. आम्ही गोर. तुम्हाला कळायचं नाही तर बंजारा लिवा.”

मी ते सगळं खोडलं. उरलं ते साधं होतं. हे नाव, ही आई, हे रूळ, ही पिशवी. खाली पिशवीचा आणि शांताबाईंचा फोटो. भाभी त्या आठवड्यात मुंबईला होत्या. त्यांना न विचारता लिहिलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तर ती नऊ उत्तरं.

चोरीचं पहिलं. दुसरीने विचारलं होतं, ही बाई खरी बंजारा कशावरून? तिने तर नायलॉनची छापील साडी नेसली आहे. आरशांचा घागरा घालून फोटो पाठवावा, मग विश्वास ठेवू. ती साडी आमच्याच मिलची होती. तिसरीला प्रश्न पडला होता की अशा बाईला कॉम्प्युटर कसा चालवता येतो, मागे नक्की कुणीतरी आहे. चौथीने फार गोड लिहिलं होतं. पारंपरिक कला कुणा एकाची नसते, ती सगळ्या मानवजातीची असते, म्हणून कुणी नाव सांगू नये. पाचवीला अशा पिशव्या स्वस्तात शेकड्याने हव्या होत्या. बाकीच्यांनी भांडण नको म्हणून विनंती केली होती.

मी पुन्हा पुन्हा वाचत होते. डोकं चालेना. भाभींनी लावलं तेव्हा ते ‘रीना यांचं डिझाइन’ होतं आणि ते घेणं चोरी होती. शांताबाईंनी आपलं म्हटलं, तर तेच मानवजातीचं झालं. डिझाइन एकच. मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली, जणू उत्तर चित्रात सापडेल.

शांताबाईंना मी सगळं सांगितलं. घागऱ्याचं ऐकून त्या विचारात पडल्या.

“तो सासूचा आहे. गावाकडं पेटीत. मागवावा लागंल.” मग थांबून म्हणाल्या, “त्या बायांचे फोटो कुठं आहेत?”

मी शोधले. एकीचाही नव्हता. नुसती नावं होती.

“मग मलाच काहून?”

संध्याकाळी घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता अहिराणीत म्हणाली, “आपले काय करनं शे? नोकरी सांभाळ तू.” तिचंही चुकीचं नव्हतं.

भाभी सोमवारी परतल्या. बोर्ड उघडला. सगळं वरपासून खालपर्यंत वाचून काढलं.

“मंगलाबेन, ये आपने लिखा?”

“हो भाभी. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.”

“मुझसे पूछ तो लेते. मैंने क्या गलत किया? उनकी चीज डब्बे की थैली पे पडी थी. मैंने दुनिया को दिखाई.”

त्यांना खरंच लागलं होतं. मी म्हटलं, “नाव तेवढं लिहा ना, भाभी. एक ओळ.” त्या तयार झाल्या. त्यांनी ओळ लिहिली: ‘हे डिझाइन भारतातल्या आदिवासी स्त्रियांपासून प्रेरित आहे.’

ती ओळ मी खाली जाऊन शांताबाईंना सांगितली. त्यांनी विचारलं, “ह्या कोण बाया? त्यातली माझी आई कोणती?”

दुसऱ्याच दिवशी बोर्ड चालवणाऱ्या बाईने शांताबाईंचा मजकूर फोटोसकट काढून टाकला. कारण दिलं, समूहातलं वातावरण बिघडतं. भाभींचं पान तसंच राहिलं. आणि त्याच दुपारी शेठच्या कानावर गेलं की फोल्डिंगमधली एक बाई डिझाइनवर हक्क सांगते आहे. शेठने मला बोलावलं नाही, विचारलं नाही. सुपरवायझरला एवढंच म्हणाले, “ए बेनने काल थी ना पाडी देजो.” उद्यापासून तिला नको म्हणून सांगा. झालं.

मी कॉम्प्युटरवरच राहिले. लिहिलं मी होतं, गेलं त्यांचं काम. मी शेठकडे जायला उठले होते. त्यांच्या दारापर्यंत गेले. आत पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक व्यापारी, बसली होती. मी परत फिरले आणि पार्टी गेल्यावरही पुन्हा गेले नाही. हे लिहायला आजही बरं वाटत नाही.

तीन आठवडे गेले. एका सकाळी भाभींनी मला ओरडूनच हाक मारली. स्क्रीनवर एका परदेशी दुकानाचा फोटो होता. किट विकायला आलं होतं. किट म्हणजे पाकिटात कापड, दोरे, सुई आणि नकाशा; घरी बसून तुम्ही भरायचं. पाकिटावर आमची नक्षी होती. चारही रेघा लाल पट्टीशी थांबलेल्या.

“मेरा है ये! सीधा उठा लिया!”

त्यांनी बोर्डवर लांबलचक तक्रार लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. पहिलं उत्तर त्याच गोड बाईचं होतं. शब्दही जवळजवळ तेच. भारतीय पारंपरिक कला कुणा एकाची नसते. दुकानवाल्यांनी लिहिलं, अशी नक्षी तुमच्याकडे शेकडो वर्षांची आहे, तुमची कशी? बोर्ड चालवणारीने भाभींना बजावलं, वातावरण बिघडवू नका.

भाभी खुर्चीत मागे टेकल्या. मग मला म्हणाल्या, “पर मैं तो... मेरा तो नाम लिखा था ना वहाँ?”

मला त्यांची कीव आली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम. त्यातलं खरं कोणतं, ते मला ठरवता आलं नाही.

नंतर त्याच म्हणाल्या, “उस थैली पे कुछ अलग था ना? आपने बताया था, कोने में.” मी होय म्हटलं. मूळ कामात तीन रेघा बाहेर जातात, एक थांबते. चारही थांबतात ती माझी चूक. किटमध्ये माझी चूक आहे, म्हणजे किट आमच्यावरून घेतलं. पण हे सिद्ध करायला पिशवीच हवी होती; आधीच्या फोटोत कोपरे नीट दिसत नव्हते. आणि पिशवी लिंबायतला, शांताबाईंच्या घरी.

आम्ही रिक्षाने गेलो. भाभींची गाडी त्या गल्लीत शिरली नसती. शांताबाई दारात तांदूळ निवडत होत्या. दुसऱ्या मिलमध्ये त्यांना फोल्डिंगचंच काम लागलं होतं, त्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी भाभींना खाट दिली, मला पाट. पाणी दिलं. भाभी प्यायल्या.

भाभींनी सगळं सांगितलं. शांताबाईंनी पूर्ण ऐकलं.

“म्हणजे तुमचं चोरलं त्यांनी?”

भाभींनी मान हलवली, मग मधेच थांबवली. “आपका,” त्या म्हणाल्या.

“माझ्या आईचं. पिशवी देते. फोटो काढा आणि हितंच परत द्या. पण आधी नाव लिवायचं. जमलीबाई. आधी ते, मग बाकीचं.”

“काम पे वापस आ जाओ, मैं ससुरजी से बात करूँगी.”

“नको. आता आहे तिथं गेटवर पिशवी उलटी करत नाहीत.”

भाभींनी कबूल केल्याप्रमाणे लिहिलं. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं की हे डिझाइन माझं कधीच नव्हतं, मी तसं लिहिलं ते खोटं होतं. ते वाक्य लिहायला त्यांना अर्धा तास लागला. मग जमलीबाईंचं नाव, शांताबाईंचं नाव, चाळीसगावचे रूळ, सायडिंग, मिररची चूक. पिशवीचा फोटो, हळदीच्या डागांसकट. यावेळी शांताबाईंचा फोटो नव्हता. त्यांनीच नको म्हटलं होतं.

दोघी-तिघींनी शांताबाईंची माफी मागितली. एकीने आपलं चोरीचं उत्तर काढून टाकलं. गोड बाई गप्प राहिली. भाभी त्या बोर्डवर परत फारशा गेल्या नाहीत. शेठने विचारलं, एवढ्या टेलिफोनच्या बिलातून एक्स्पोर्ट किती झाला, आणि एक्स्पोर्टचा विषय संपला.

दोन-तीन महिन्यांनी त्याच दुकानाचं नवं पाकीट स्क्रीनवर दिसलं. नक्षी दुरुस्त केली होती. तीन रेघा बाहेर, एक थांबलेली. पाकिटाच्या मागे सुंदर अक्षरांत गोष्ट छापली होती: दूर भारतात खडी टाकणाऱ्या एका स्त्रीने फुटणारे रूळ पाहिले आणि ही नक्षी जन्माला आली. नाव नव्हतं. ‘एक स्त्री’ एवढंच होतं.

मी लिंबायतला जाऊन सांगितलं. सांगू की नको, यात आठवडा घालवला होता. आधी फक्त नक्षी गेली होती. आता खरं सांगायच्या नादात आम्ही गोष्टही त्यांच्या हातात दिली होती.

शांताबाईंनी विचारलं, “रूळ नीट केले का?”

“केले.”

“बरं केलं,” त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, “नाव टाकायला काय जात होतं त्यांचं?”

चोरी म्हणजे काय, हे मला कळतं असं वाटायचं. त्या वर्षी तेही नीट कळेनासं झालं.

पुढे वीस वर्षं मी हेच काम करत आले. एक सवय तेवढी लागली. स्कॅनरवर काहीही ठेवायच्या आधी मी विचारते, हे कुणी केलं? उत्तर येईपर्यंत झाकण बंद करत नाही. बहुतेक पार्ट्या वैतागतात. दोघांनी काम दुसरीकडे नेलं. पण अर्ध्याहून जास्त वेळा कुणीतरी कपाळाला आठी घालून आठवायला लागतं आणि एक नाव निघतं.